टॉम फिनीचा दाखला

मे १९५२. इंग्लंडचा फुटबॉल संघ इटलीच्या दौऱ्यावर होता. १८ तारखेचा फ्लोरेन्समधला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर सिसिलीतल्या पालेर्मो क्लबचा अध्यक्ष इंग्लंडच्या उजव्या बगलेवर खेळणाऱ्या टॉम फिनीला भेटला. हा अध्यक्ष खराखुरा राजपुत्र होता, त्राबिया घराण्यातला. त्याने फिनीपुढे जे ठेवलं ते असं : सही केली की १०,००० पौंड हातात, महिन्याला १३० पौंड पगार, वर बक्षिसी, भूमध्य समुद्राकाठी बंगला, एक मोटार आणि घरच्यांचा जाण्यायेण्याचा खर्च.

फिनीला तेव्हा प्रेस्टन नॉर्थ एंड हा त्याचा क्लब आठवड्याला १४ पौंड देत होता. तेही हंगाम चालू असेपर्यंत. उन्हाळ्यात सामने नसत, तेव्हा पगारही खाली यायचा. आपण हात सैल सोडून बावन्नही आठवडे १४ धरू. होतात ७२८ पौंड. म्हणजे नुसत्या सहीचे जे मिळणार होते, तेवढे कमवायला फिनीला प्रेस्टनमध्ये जवळजवळ पावणेचौदा वर्षं खेळावं लागलं असतं. आणि त्याला नुकतंच तिसावं वर्ष पूर्ण झालं होतं.

घरी परतल्यावर तो क्लबचे अध्यक्ष नॅट बक यांच्याकडे गेला आणि विषय काढला. बक यांचं उत्तर इंग्लंडमध्ये अजून सांगितलं जातं. मथितार्थ एवढाच, की आमच्याकडून खेळायचं नसेल तर कुणाकडूनच खेळायचं नाही. विषय तिथेच संपला. फिनी पुढची आठ वर्षं प्रेस्टनकडूनच खेळला आणि तिथेच निवृत्त झाला.

जन्मभर एकाच क्लबशी इमान राखणारा सज्जन खेळाडू, अशी फिनीची ख्याती आहे. सज्जन तो होताच. सगळ्या कारकिर्दीत पंचाने कधी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं नाही असं सांगतात. पण ‘इमान’ हा शब्द मला इथे खटकतो. दाराला बाहेरून कडी असताना माणूस घरात बसून राहिला, तर त्याला घराची ओढ होती की नव्हती हे कळणार कसं? ती कडी नेमकी कशी होती, ते समजून घेऊ. वाटतं त्यापेक्षा ती चतुराईने बसवलेली होती.

आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो. जुन्या शाळेने तो दिला नाही, तर नवी शाळा पोराला घेत नाही. पोरगं कितीही हुशार असो, नव्या शाळेत जागा असो, बापाची फी भरायची तयारी असो, कागद हातात नाही म्हणजे सगळं अडलं. इंग्लिश फुटबॉलमध्ये या दाखल्याच्या जागी होती खेळाडूची नोंदणी. लीगमध्ये खेळायचं तर खेळाडूचं नाव कुठल्यातरी एका क्लबच्या नावावर नोंदलेलं असायला हवं. ही नोंदणी क्लबच्या मालकीची, जणू क्लबच्या कपाटात कुलूपबंद. क्लब ती दुसऱ्याला विकू शकत होता, अडवू शकत होता. खेळाडू मात्र ती उचलून चालता होऊ शकत नव्हता.

आता यातली खरी गोम. करार एकाच वर्षाचा असायचा. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला साल संपतं, तसाच काहीसा हिशेब. साल संपलं आणि अंगावर उचल नसली, की सालगडी दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ शकतो. फुटबॉलपटूचं तसं नव्हतं. हंगाम संपताना क्लब याद्या काढायचा : हे राखून ठेवलेले, हे विकायला काढलेले, हे मोकळे. ‘राखून ठेवलेले’ या यादीत नाव आलं, की करार संपला तरी नोंदणी क्लबकडेच. म्हणजे पगार देण्याची जबाबदारी संपली, पण माणूस अडकलेलाच राहिला. क्लब देतोय त्या पगारावर नवी सही करा, नाहीतर घरी बसा. घरी बसलात तर पगार शून्य. लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला तुम्हाला घेता येणार नाही.

१८९० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत. मग १९०१ मध्ये तिच्या जोडीला दुसरी कडी आली, पगाराची कमाल मर्यादा. आठवड्याला ४ पौंड, त्याच्यावर कुणालाही नाही. पुढे हा आकडा मुंगीच्या पावलांनी वाढला : १९४७ मध्ये १२, १९५१ मध्ये १४, १९५८ मध्ये २०. यात किमान वेतनाचा संबंध नाही, ही वरची मर्यादा आहे. देशातला सगळ्यात भारी खेळाडू आणि त्याच्या शेजारी उभा राहणारा सर्वसाधारण खेळाडू, दोघांनाही त्याहून जास्त देणं नियमाबाहेर. बदली झाली तर क्लबाक्लबांत वीस-पंचवीस हजार पौंड फिरायचे, आणि ज्याला विकलं त्याच्या हातात सहीचे १० पौंड टेकवले जायचे.

दोन्ही कड्या एकत्र पाहिल्या की त्यांची हुशारी कळते. नुसती मर्यादा असती तर खेळाडू निदान गाव बदलू शकला असता, चांगला प्रशिक्षक किंवा बायकोचं माहेर जवळ असलेला क्लब निवडू शकला असता. नुसती नोंदणीची अडवणूक असती तर ‘थांबतो, पण पगार वाढवा’ म्हणता आलं असतं. दोन्ही असल्यावर त्याच्याकडे घासाघीस करायला काहीच उरत नव्हतं.

आणि पालेर्मो तर परदेशात होतं, तिथे इंग्लिश लीगचा नियम कसा लागू? तर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या छत्राखालच्या सगळ्या देशांनी एकमेकांच्या नोंदण्या मानायचं ठरवलेलं होतं. इटलीत खेळायला इंग्लंडच्या संघटनेची मोकळीक हवी, आणि संघटना क्लबला विचारल्याशिवाय ती देणार नाही. मुंबईच्या क्रिकेटपटूला दुसऱ्या राज्याकडून खेळायचं झालं तर आजही संघटनेचं ना हरकत पत्र लागतं, त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच की इथे त्या पत्रावर माणसाची चूल अवलंबून होती.

या सगळ्यात एक विनोद दडलेला आहे. खेळाडूला उघडपणे पैसे देणं इंग्लंडमध्ये १८८५ पर्यंत नियमबाह्य होतं. फुटबॉल हा हौशी सद्गृहस्थांचा खेळ, असा लंडनकरांचा आग्रह. ‘होय, आम्ही पैसे देतो, आणि सगळेच देतात’ असं तोंडावर सांगून हे ढोंग मोडलं ते लँकेशायरच्या गिरणीवाल्या गावांनी, आणि त्यात पुढे होता प्रेस्टनचा विल्यम सडेल, स्वतः सूतगिरणीचा व्यवस्थापक. १८८८-८९ मध्ये पहिलीवहिली लीग भरली, ती प्रेस्टनने एकही सामना न हरता जिंकली आणि त्याच वर्षी एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली. खेळाडूच्या घामाला दाम मिळायला हवा हे ज्या क्लबने देशाला कबूल करायला लावलं, त्याच क्लबने साठेक वर्षांनी आपल्या सगळ्यात थोर खेळाडूला असं बांधून ठेवलं.

फिनी त्या गावचाच. जन्म ५ एप्रिल १९२२ चा, घर क्लबच्या डीपडेल मैदानापासून हाकेच्या अंतरावर. आई तो लहान असतानाच गेली. अंगाने किडकिडीत, सारखा आजारी पडणारा पोरगा. पाय मात्र जात्याच डावा, आणि उजवा त्याने घोटून घोटून तयार केलेला. म्हणून तो दोन्ही बगलांवर सारखाच धोकादायक झाला, आणि उतारवयात मधल्या आघाडीवरही.

पंधराच्या आसपास असताना क्लबने त्याला मैदानावरच्या पोरांत घ्यायची तयारी दाखवली. बाप म्हणाला, आधी हातात कसब येऊ दे. नळकामाची उमेदवारी पुरी कर, फुटबॉल संध्याकाळी. पोराला तेव्हा हे किती जड गेलं असेल! पण मला या सगळ्या कहाणीत हा बापच सगळ्यात शहाणा वाटतो. कामगार माणूस, त्याला क्लबांचा कारभार ठाऊक असणार. गुडघा गेला की क्लब दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही, आणि पाना चालवणारा हात म्हातारपणीही पोट भरतो. पुढे इंग्लंडकडून खेळतानाही टॉमने भावाबरोबर नळ आणि विजेच्या कामांची फर्म चालवली. ‘प्रेस्टनचा प्लंबर’ हे टोपणनाव पत्रकारांनी उगाच दिलेलं नाही. तो खरोखरच लोकांच्या घरातले नळ जोडायचा. १४ पौंडांच्या जगात त्याच्याकडे तेवढंच एक होतं, जे क्लबच्या कपाटात नव्हतं.

१९४० मध्ये तो व्यावसायिक झाला, पण तोवर महायुद्ध सुरू झालेलं आणि लीग बंद. १९४१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी वेम्ब्लीवर युद्धकाळातल्या कपाचा अंतिम सामना खेळला, आर्सेनलविरुद्ध. तो बरोबरीत सुटला आणि फेरसामना प्रेस्टनने २-१ असा जिंकला. नंतर लष्करात भरती. माँटगोमेरीच्या आठव्या आर्मीतून आधी इजिप्त, मग इटली. तिथे तो रणगाडा चालवायचा. एप्रिल १९४५ मध्ये आठव्या आर्मीने इटलीतला शेवटचा मोठा हल्ला चढवला, त्यात फिनीची रेजिमेंट अर्जेंटाच्या बाजूला लढत होती. याच हल्ल्याच्या पहिल्या दिवशी, ९ एप्रिलला, सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली आणि जर्मन मशीनगनच्या मोर्च्यांवर एकट्याने चाल केली, ज्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दोघांची कधी गाठ पडायचं कारण नाही. पण एकाच आर्मीत, एकाच मोहिमेत अहमदनगर जिल्ह्याचा शिपाई आणि प्रेस्टनचा प्लंबर होते, हे वाचलं तेव्हा मी पान उलटायचा थांबलो.

लीगमधला पहिला सामना खेळायला मिळाला तो थेट ३१ ऑगस्ट १९४६ ला. वय २४. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन उमेदीची सहा वर्षं युद्धाने गिळलेली. महिन्याभरातच तो बेलफास्टमध्ये इंग्लंडकडून उतरला, गोलही केला, इंग्लंडने ७-२ असा सामना मारला. पुढे लिस्बनमध्ये पोर्तुगालवर १०-०, तुरीनमध्ये इटलीवर ४-० आणि त्यातले दोन फिनीचे. इंग्लंडकडून एकूण ७६ सामने, ३० गोल. क्लबसाठी लीगमध्ये ४३३ सामने, १८७ गोल. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून १९५४ आणि १९५७ असा दोनदा निवडला गेलेला तो पहिला. क्लबने मोठं काहीच जिंकलं नाही. १९५३ ला आर्सेनलशी गुण सारखे, पण गोलांच्या सरासरीत लीग हुकली. १९५४ ला एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमकडून ३-२ ने हार. १९५८ ला पुन्हा लीगमध्ये दुसरे.

तो मोठा की इंग्लंडच्या त्याच बगलेवर खेळणारा स्टॅन्ली मॅथ्यूज, हा वाद त्या पिढीने चहाच्या टपऱ्यांवर जन्मभर घातला. प्रेस्टनमध्ये फिनीबरोबर खेळलेला आणि पुढे लिव्हरपूल घडवणारा बिल शँकली म्हणायचा, की अंगात ओव्हरकोट घालून खेळला असता तरी टॉम थोरच ठरला असता. मी या वादात पडत नाही. आकड्यांत गोल फिनीचे जास्त, एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

तर, या माणसाने बंड का नाही केलं?

करणाऱ्यांचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. १९४८ मध्ये मिडल्सब्रोचा विल्फ मॅनियन, इंग्लंडच्या संघातला त्याचा सोबती, ओल्डहॅमला जायचं म्हणून अडून बसला. सही केली नाही. क्लबने त्याची किंमत अशी लावली की ओल्डहॅमला झेपूच नये. अर्धा हंगाम बिनपगारी काढून मॅनियन खाली मानेने परत आला. मग १९५० मध्ये नील फ्रँकलिन. स्टोकचा हा बचावपटू इंग्लंडकडून सलग २७ सामने खेळलेला. ब्राझीलमधल्या विश्वचषकाच्या तोंडावर तो कोलंबियात बोगोटाला निघून गेला. कोलंबियाच का? कारण तिथली लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती. नोंदणी, मोकळीक, ना हरकत, कशाचीच तिथे विचारपूस नव्हती. कडीला सापडलेली ती एकुलती एक फट. पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, काही आठवड्यांत तो परतला. त्याच्यावर बंदी आली, स्टोकने त्याला विकून टाकलं आणि इंग्लंडचा शर्ट त्याला पुन्हा कधी मिळाला नाही. पालेर्मोचा राजपुत्र फिनीला भेटला तो यानंतर दोनच वर्षांनी.

उलट, १९५७ मध्ये लीड्सचा वेल्श खेळाडू जॉन चार्ल्स ६५,००० पौंडांना युव्हेंटसला गेला, अगदी राजरोस. त्याला जमलं आणि फिनीला नाही, यात धाडसाचा काही भाग नव्हता. लीड्सच्या मैदानावरचा एक स्टँड १९५६ मध्ये जळून खाक झाला होता आणि क्लबला पैसा हवा होता. क्लबची गरज असेल तर इटली जवळ, नसेल तर अशक्य. यात खेळाडूच्या इच्छेचा रकाना कुठे आहे ते शोधून पाहा.

क्लबांकडे पैसाच नव्हता म्हणावं, तर युद्धानंतर मैदानं ओसंडून वाहत होती. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींवर प्रेक्षक आले. पण क्लबांच्या बाजूनेही एक मुद्दा होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पगार मोकळे सोडले तर लंडन-मँचेस्टरचे श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू ओढून नेतील आणि प्रेस्टन, बर्नली, बोल्टन अशी छोटी गावं उघडी पडतील, असं ते म्हणायचे.

व्यवस्था फुटली ती फिनीच्या निवृत्तीनंतर वर्षभरात. जांघेच्या दुखण्याने तो १९६० मध्ये थांबला. तोवर फुलहॅमचा जिमी हिल खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. लांब हनुवटी, दाढी, आणि पत्रकारांना हवं तसं वाक्य तयार. संपाची तारीख ठरली : २१ जानेवारी १९६१. मँचेस्टरच्या सभेतला एक किस्सा सांगतात. खालच्या विभागातला एक पोरगा उठून म्हणाला, माझा बाप कोळशाच्या खाणीत राबतो आणि मला त्याच्याहून जास्त मिळतात, मग संप कशाला? त्यावर बोल्टनचा बचावपटू टॉमी बँक्स उभा राहिला. बापाला सांग, म्हणाला, त्याची खाणीतली पाळी मी करतो, त्याने येऊन शनिवारी हजारो लोकांसमोर मॅथ्यूजला अडवून दाखवावं. सभा जिंकली गेली. संपाला तीन दिवस उरले असताना, १८ जानेवारीला, मर्यादा गेली. फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. काल २०, आज १००.

ही एक कडी निघाली. दुसरी काढायला कोर्ट लागलं. न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम १९६० मध्ये सही न करता दक्षिणेत जाऊन बुचं विकायच्या धंद्यात लागला. क्लबने अखेर त्याला आर्सेनलला विकलं. त्याचा स्वतःचा प्रश्न सुटला, तरी त्याने संघटनेच्या पाठबळावर खटला चालू ठेवला. जुलै १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला : करार संपल्यावरही खेळाडूला असं राखून ठेवणं म्हणजे त्याच्या उपजीविकेवर गैरवाजवी बंधन. कपाटाचं कुलूप त्या दिवशी मोडलं, पण दार सताड उघडायला पुढे बराच काळ गेला. करार संपलेला खेळाडू बदलीची किंमत न देता युरोपीय संघात कुठेही जाऊ शकेल, हे ठरलं डिसेंबर १९९५ मध्ये, बेल्जियमच्या बोस्मनच्या खटल्यात.

आणि छोट्या गावांचं भाकीत? फिनीशिवायच्या पहिल्याच हंगामात, १९६१ मध्ये, प्रेस्टन पहिल्या विभागातून खाली घसरलं. त्यानंतर आजतागायत ते वरच्या विभागात परतलेलं नाही. बर्नली १९६० ला देशाचा विजेता होता. तसं पुन्हा झालं नाही. म्हणजे क्लबवाले खोटं बोलत नव्हते. फक्त गावाचा फुटबॉल टिकवायची किंमत त्यांनी गावातल्या नळजोडणीवाल्याच्या खिशातून वसूल केली, आणि ती वसूल करताना त्याला विचारलं नाही.

फिनीने स्वतः कधी कडवट सूर लावला नाही. फर्म चालवली, गावातल्या रुग्णालयांच्या कारभारात लक्ष घातलं, विसरण्याच्या आजाराने ग्रासलेल्या एल्सीची, आपल्या बायकोची, तिच्या शेवटापर्यंत काळजी घेतली. १९९८ मध्ये ‘सर’ झाला, २०१४ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. डीपडेलबाहेर त्याचा पुतळा आहे. १९५६ मध्ये चेल्सीच्या मैदानावर, तळं झालेल्या चिखलात, चेंडूमागे घसरताना त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची कारंजी उडाली होती, त्या छायाचित्रावरून घडवलेला. प्लंबरचा पुतळा आणि त्यात खरं पाणी उडतं, हे कुणाला सुचलं असेल त्याला माझा नमस्कार.

ईस्टहॅमचा निकाल लागला त्याच वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, बेलफास्टच्या डिस्टिलरी या लहानशा क्लबची युरोपियन कपमध्ये लिस्बनच्या बलाढ्य बेन्फिकाशी गाठ पडली. समोर पोर्तुगालचा नावाजलेला युसेबिओ. डिस्टिलरीने निवृत्त होऊन तीन वर्षं झालेल्या फिनीला बोलावलं आणि तो एका सामन्यापुरता गेला. ४१ वर्षांचा. सामना ३-३ असा सुटला.